वेगळी कपबशी



जुहू म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? समुद्र, सिनेनटांचे बंगले, मोठमोठी हॉटेले. जेथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान आणून उतरविले, तो विमानतळ. पण याच जुहूत नेहरूनगरची झोपडपट्टी आहे, कोळीवाडा आहे, इर्ल्याचा नाला आहे. रोज सकाळी वस्तीतल्या बाया बंगल्यांकडे कामाला निघतात. वाट दहा-पंधरा मिनिटांची. पण अंतर किती, ते चालणारीलाच ठाऊक!

माझी आई त्यांतलीच एक. धुणीभांडी करून तिने मला बी.ए., बी.एड. केले. एका बंगल्यात तिची कपबशी वेगळी होती. कान तुटलेली, मागच्या खिडकीत पालथी घातलेली. लहानपणी मी ती रोज पाहिली आहे.

एकाच गावाची अशी दोन गावे का होतात? नशिबामुळे? पूर्वजन्मीच्या पापामुळे? चक्कवत्ती सीहनाद सुत्तात तथागतांनी कारण स्वच्छ सांगितले आहे. राजाने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य, आणि माणसांचे आयुष्यही घटत गेले. आधी दारिद्र्य, नंतर गुन्हा. झोपडपट्टीला गुन्हेगारांची वस्ती म्हणून हिणवणाऱ्यांनी हा क्रम नीट वाचावा.

परमपूज्य बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. मतदानाच्या दिवशी बंगल्यातल्या मालकाचे मत एक आणि भांडी घासणारीचेही एक. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा मागच्या दाराने आत जाते.

इथवर वाचून आपण मान डोलावली असेल. पण बंगल्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. आता माझ्या घराची गोष्ट ऐका.

नोकरी लागली, कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतले. आम्ही दोघेही नोकरीला, म्हणून भांड्यांना एक ताई येऊ लागल्या. गेल्या पावसाळ्यात आई राहायला आली. सकाळी ताईंना चहा दिला. त्या गेल्यावर आईने ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला टवका उडालेला कप उचलला, विसळला, आणि त्यातच स्वतःचा चहा ओतून घेतला. एक शब्द बोलली नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. माझी मान वर होईना.

तो कप वेगळा ठेवा, असे आमच्या घरात कोणी ठरविले नव्हते. तो आपोआप वेगळा झाला होता. विषमता अशीच येते, बांधवांनो! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यालेल्या समाजाच्या घरात वेगळा कप? मग आम्ही धर्म बदलला की नुसते नाव?

राजगृहात सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. खालची दिशा म्हणजे आपले सेवक आणि कामकरी. त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे. आज किती घरांत तो पाळला जातो? आपल्या घरात?

सरकारकडे हक्काचे घर, पाणी, रास्त मजुरी मागायचीच आहे. तो संघर्ष सोडायचा नाही. पण विहारात त्रिसरण-पंचशील म्हणून घरी परतल्यावर, आधी आपल्या ओट्याचा कोपरा पाहा. आमच्याकडे आता सगळे कप एकाच फळीवर आहेत. ताई आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात, पगार कापला जात नाही. हे मोठेपण नव्हे. उशिरा फेडलेले ऋण आहे.

भवतु सब्ब मंगलम्!