वाट आणि अधिकार

डांबरी सडकेवरून तालुक्याच्या गावी जावे आणि त्याच चाकांनी, काहीही न बदलता, ओढ्याच्या पात्रात किंवा मुरमाड चढणीवर उतरावे, अशा दुहेरी कामासाठी बांधलेली हलकी मोटारसायकल ही आजची कल्पना नव्हे. यामाहा कंपनीने १९६८ साली अडीचशे सीसीची डीटी-१ बाजारात आणली, तेव्हापासून हा वर्ग जगभर रूढ होत गेला. आपल्याकडे हिरोची इम्पल्स २०११ साली आली आणि काही वर्षांत मावळली. पुढे २०१९ च्या मे महिन्यात एक्सपल्स २०० आली, तेव्हा कुठे साधारण ऐपतीच्या माणसाला परवडेल अशी या जातीची गाडी इथे स्थिरावली. तारांची चाके, त्यांतले पुढचे एकवीस इंची. पोटाखाली २२० मिलिमीटरांची मोकळीक. पुढच्या शॉकअपला १९० मिलिमीटरांची हालचाल. २०२१ साली तिच्या इंजिनात दोनांऐवजी चार व्हॉल्व्ह आले आणि २०२५ मध्ये पाण्याने थंड होणारे २१० सीसीचे नवे इंजिन आले. या सर्व सुधारणांतून कारागीर स्वाराला एकच गोष्ट सांगत असतो, की काल जिथे तुला थांबावे लागले तिथून आज तुला पुढे जाता येईल. हे आश्वासन खरे आहे, आणि ते खरे असल्यामुळेच त्यातून जो प्रश्न उपजतो तो मला यंत्रशास्त्राचा न वाटता धर्मशास्त्राचा वाटतो: जाता येणे आणि जाण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न हवेतला राहत नाही. बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम आणि खडे, तेरणेच्या खोऱ्यात खोल काळी जमीन, आणि दोहोंच्या मध्ये ओढ्या-नाल्यांनी कापलेली उतरण, अशी इथल्या भूमीची ठेवण आहे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर शिवरस्त्याने साधी मोटारसायकल घालावी, तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती थापली जाते, पंचवीस-तीस पावलांत चाक फिरायचे थांबते, आणि स्वार चपला काढून, बाभळीची काडी हाती घेऊन, उकिडवा बसून ती माती खरवडू लागतो. खरवडून झाली की पुन्हा पंचवीस पावले. या नव्या जातीच्या गाडीचा मडगार्ड चाकापासून इतका वर का बांधतात, याचे उत्तर ज्याने ही काडी कधी हाती धरली आहे त्याला कोणी सांगावे लागत नाही. रात्री अडलेल्या म्हशीसाठी वस्तीवर निघालेला जनावरांचा डॉक्टर, वादळाने तारा पडल्यावर शिवारात शिरणारा वायरमन, चार महिने चिखल तुडवत वाडीवरच्या शाळेत जाणारा शिक्षक, यांच्यासाठी अशी गाडी ही हौस नाही, आणि तिच्याविषयी कृतज्ञताच वाटावी असे तिचे काम आहे. यंत्राची निंदा करून निसर्गाची स्तुती करणारे लेखन मला नेहमीच अर्धवट वाटत आले आहे, कारण ते बहुधा चिखलापासून दूर बसून केलेले असते.

परंतु गरजेने एक दार उघडले म्हणजे त्यातून हौसही आत येते. सुट्टीच्या दिवशी शहरांतून तरुणांचे जथे निघतात, आणि जिथे सडक संपते तिथे त्यांची सफर सुरू होते. त्यांचा आनंद खोटा नाही. खडकाळ चढणीवर पायांवर उभे राहून, गाडीचा तोल कमरेने सावरत वर जाताना मनाची जी एकाग्रता होते ती अनेकांना देवळातही लाभत नसेल. माझा प्रश्न त्या आनंदाच्या प्रामाणिकपणाविषयी नाही, त्याच्या चाकाखाली काय आहे याविषयी आहे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराच्या विचाराला वाहिलेला आहे. एखादे कर्म करण्यास पात्र कोण, याचा निर्णय करताना मीमांसकांनी फार बारकाईने पाहिले: त्या कर्माच्या फळाची इच्छा असली पाहिजे, ते पार पाडण्याचे सामर्थ्य असले पाहिजे, त्याचे ज्ञान असले पाहिजे, आणि शास्त्राने त्या माणसाला त्यातून वगळलेले नसले पाहिजे. सामर्थ्य हे यांतले केवळ एक अंग. इतर अंगे नसतील तर कितीही सामर्थ्य असले तरी अधिकार उत्पन्न होत नाही. आजच्या काळाने या विचाराचे जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. इच्छा आणि सामर्थ्य ही दोन अंगे बाजाराने उचलून धरली, कारण दोन्ही विकता येतात. ज्ञान आणि मर्यादा ही दोन विकता येत नाहीत, म्हणून त्यांचा विषय निघत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अधिकाराचा हाच सिद्धांत शतकानुशतके माणसांना वगळण्यासाठी वापरला गेला. शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही हा निर्णय याच सहाव्या अध्यायात आहे, आणि शास्त्रातले ते वगळणे गावात उतरले तेव्हा कोणी कोणत्या रस्त्याने चालावे, कोणत्या पाणवठ्यावर थांबावे, इथपर्यंत पोचले. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या वाटा बंद होत्या, त्यांच्या नातवाने आज मोटारसायकलवर बसून वेशीतून सरळ जावे, यात मला न्यायाचा एक अंश दिसतो, आणि त्याला कोणी अधिकाराची भाषा ऐकवू लागला तर त्याने संशयाने पाहावे हेही रास्त आहे. परंतु त्या परंपरेच्या पोटातच दुसरा आवाज होता. सर्वांनाच अधिकार आहे असे बादरी या आचार्याचे मत जैमिनीने स्वतः नोंदवून ठेवले आहे, आणि त्रैवर्णिकांत न मोडणाऱ्या रथकाराला, म्हणजे वाहन घडवणाऱ्या कारागिराला, अग्निस्थापनेचा अधिकार आहे असा निर्णय त्याच अध्यायात दिलेला आहे.

याहून मोलाचा निवाडा आपल्या जिल्ह्यातच झाला, आणि तो कुंभाराच्या हातून. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी मडकी तपासण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले, आणि जातीने, विद्येने किंवा कीर्तीने कोण मोठा याचा काहीही विचार न करता नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? वारकऱ्यांनी अधिकार ही कल्पना मोडीत काढली नाही. तिचा पाया जन्मावरून काढून परिपक्वतेवर ठेवला. मी या लेखात अधिकार म्हणतो तो या तेरच्या अर्थाने.

आता वाटेकडे वळू. माझ्या मते या गाडीने घडवलेला खरा बदल असा आहे की आजवर वाटेची राखण वाटच करीत होती. घाटातली चढण, काटेरी झाडोरा, सुटे दगड, पावसाळ्यातला चिखल हीच तिथली चौकी आणि हाच तिथला पहारा; कोणी फलक लावला नव्हता, कोणी पावती फाडत नव्हता, तरी ज्याचे काम नाही तो तिकडे जात नसे, कारण जाणे कष्टाचे होते. शास्त्रातले वगळणे जे काम करीत असे ते इथे भूमीची दुर्गमता करीत होती. दुर्गमता संपली आणि पहारेकरी उठून गेला, तेव्हा त्याच्या जागी कोणाला बसवायचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कायद्याने या बाबतीत आपल्याहून अधिक सूक्ष्म विचार केलेला आढळतो. सुविधाधिकारांच्या १८८२ च्या कायद्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते की एका प्रकारच्या वाटेच्या वहिवाटीत दुसऱ्या प्रकारच्या वाटेची वहिवाट येत नाही. पायी जाण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला म्हणून गाडी नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. गावच्या नकाशात पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी, आणि तहसील कचेरीतल्या रस्त्यांच्या तंट्यांत एक रेघ की दोन रेघा यावरून वर्षानुवर्षे तारखा पडतात. दोन्ही रेघांवर सारख्याच सुखाने चालणारे वाहन आल्यावर तो भेद वाहनाच्या दृष्टीने पुसला गेला. माणसाच्या दृष्टीने तो पुसला जावा की नाही, हे ठरवायचे अजून बाकी आहे.

येडशीजवळचे रामलिंग हे त्यासाठी विचार करण्याजोगे ठिकाण आहे. दरीत उतरून गेल्यावर शंकराचे देऊळ, भोवती झाडी, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे पाणी, आणि आता सभोवार अभयारण्य. जटायू इथे पडला आणि त्याची तहान भागवण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी तिथली श्रद्धा आहे. जटायूच्या युद्धाकडे मी अलीकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे. रावणाच्या रथाला भूमीचे बंधन नव्हते, डोंगर आणि समुद्र त्याला सारखेच होते. म्हणजे त्याच्या वाटेत दुर्गमता नावाची गोष्टच उरलेली नव्हती, आणि तरीही एक म्हातारा पक्षी त्याला आडवा गेला, कारण रथाचे सामर्थ्य आणि रथात बसलेल्याचा अधिकार यांतले अंतर त्या पक्ष्याला दिसले. तो हरला, आणि हरणार हे त्याला ठाऊक असणार. ज्या भूमीवर त्या पक्ष्याचे स्मरण करतात तिथे पाखरांना अभय असावे, हे मला फार योग्य वाटते.

ज्ञान या अंगाविषयी मात्र मला सर्वांत स्वच्छ उत्तर मिळाले ते भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींचे हे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन देह ठेवला. जैन मुनी वाहनात बसत नाहीत, हे सर्वांना माहीत असते; परंतु त्यांच्या चालण्यालाही ईर्यासमिती नावाचा नियम आहे, आणि तो असा की पुढची चार हात भूमी डोळ्यांनी पाहून, तिथे जीव नाही याची खात्री करून, मगच पाऊल टाकावे, आणि तेही दिवसाउजेडी. या नियमात वेगाची मर्यादा आकड्याने सांगितलेली नाही. ती दृष्टीने सांगितलेली आहे. जितके दिसते तितकेच चालायचे. ज्या वेगात पायाखालची भूमी दिसेनाशी होते त्या वेगाने जाण्याला तिथे जागाच नाही, मग पाय कितीही सशक्त असोत. गृहस्थाने हा नियम जशाच्या तसा पाळावा असे मी म्हणत नाही, परंतु अधिकाराचे माप म्हणून याहून सरळ माप मला सापडलेले नाही. आणि एकाग्रतेच्या आनंदाचा दाखला कोणी देऊ लागलाच, तर गोरोबाकाकांचे दुसरे आख्यान आठवावे: भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले ते त्यांना कळले नाही. विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळाले असे आख्यान सांगते, पण तल्लीनतेत पायाखालचे दिसत नाही हे सत्यही तेच आख्यान लपवीत नाही.

नवरात्राच्या आधी तुळजापुराहून भवानीची ज्योत घेऊन तरुण मंडळे आपापल्या गावी धावत निघतात, तेव्हा त्यांच्या मागून मोटारसायकली चालतात. ज्योत एकाच्या हाती, बाकीचे पाळीपाळीने गाडीवर विसावा घेतात. त्या गाड्यांना ज्योतीच्या पुढे जाण्याचे सामर्थ्य नाही काय? तरीही पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, इंजिन तापत असताना, त्या अनवाणी पावलांच्या गतीने मागे राहतात, आणि हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

शेवटी धनगराच्या बाजूने एक शंका घ्यावी लागेल, कारण ती रास्त आहे. माळावर शेकडो मेंढरांचे खूर फिरतात, त्याने काही तुडवले जात नाही काय, मग एका गाडीच्या दोन चाकांचाच एवढा विचार का? टिटवीचे घरटे ज्याने पाहिले आहे त्याला याचे उत्तर देता येईल. घरटे म्हणजे उघड्या माळावरचा एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि आत तीन-चार अंडी, मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची, अशी की दोन हातांच्या अंतरावर उभे राहूनही ती खड्यांतून निवडता येऊ नयेत. मेंढरे किंवा गुरे जवळ आली की टिटवी उडून जात नाही. पंख पसरून त्यांच्या तोंडासमोर उभी राहते, ओरडते, आणि चरणारे जनावर बहुधा बाजूने निघून जाते. तिथे तिची फिर्याद ऐकली जाते, कारण ऐकण्याइतका वेळ दोन्ही पक्षांना असतो. चाळीसच्या वेगाने येणाऱ्या गाडीवरच्या स्वाराला ती दिसते तेव्हा चाक पुढे गेलेले असते. फाल्गुनापासून आषाढापर्यंत टिटवी आणि चंडोल यांची अंडी जमिनीवर असतात; तेवढे महिने हौसेच्या स्वाराने गाडीवाट सोडून माळात उतरू नये, आणि ज्याला कामासाठी आत जावेच लागते त्याने पाऊलवाटेच्या तोंडाशी इंजिन बंद करावे, उतरावे आणि गाडी हाताने ढकलत न्यावी. दीडशे-पावणेदोनशे किलोंची गाडी सपाट माळावर एकट्या माणसाला ढकलता येते, आणि तिच्या हलकेपणाचा हा उपयोग विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसला, तरी मला तो तिच्या सर्व गुणांत वरचा वाटतो.