दोराचा झोळ

गोपाळकाल्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत दोर चढवायचं काम चाललं होतं. एका बाजूला जुनी चाळ. तिच्या गॅलरीच्या खांबाला दोराचं एक टोक पक्कं बसलं. समोरची चाळ पाडलेली, तिच्या जागी नुसतं पत्र्याचं कुंपण. म्हणून तिकडे ६ मीटर उंचीचा लोखंडी खांब उभा केला होता आणि मागून त्याला एक तणावा दिला होता. शिडी पुरली नाही, म्हणून तणावा खांबाच्या निम्म्यावरच बांधला. मधलं अंतर १० मीटर. पोरांनी दोर असा खेचला होता की तो पट्टीनं आखलेल्या रेघेसारखा आडवा दिसावा. दोराला झोळ पडला तर मंडळाची शोभा गेली, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मांडववाले काका खाली उभे राहून वर बघत होते. उभा जन्म त्यांनी लग्नाचे मांडव घालण्यात काढलेला.

"पोरांनो, झोळ सोडा," ते म्हणाले. "हंडी फोडणारा दोराला लोंबकळला की खांब खाली येईल."

पोरांना ते पटेना. त्यांनी जिन्यावरून उतरणाऱ्या मुलीला हाक मारली. ती बारावीला, सायन्सला. तिनं वर एकदा बघितलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "लोंबकळणारा फार तर ६० किलोचा. दोराला बाजू दोन. म्हणजे एका बाजूला ३० किलो. काका, तेवढ्यानं खांब कसा पडेल?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

काका वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून काथ्याच्या दोरीचा तुकडा काढला, मधोमध पाण्यानं भरलेली बाटली अडकवली आणि दोन्ही टोकं तिच्या हातात दिली. "हात जवळ ठेव. किती जड लागतं?"

"काहीच नाही."

"आता हात फाकव. दोरी अगदी सरळ कर, तुमच्या त्या दोरासारखी."

तिनं हात पसरले. बाटली वर आली, पण दोरी सरळ होईना. तिनं दात आवळले, खांदे थरथरायला लागले, काथ्या तळव्यात रुतला. मधला खळगा काही जाईना. बाटली तीच होती, पाणीही तेवढंच.

आपण काय विसरलो ते तिला तळव्यांनी सांगितलं. ३० किलो ही दोराच्या ओढीची फक्त उभी बाजू. ओढ दोराच्या दिशेनं असते, आणि दोर जितका आडवा, तितका त्या ओढीतला वजन उचलणारा वाटा लहान. तेवढाच वाटा मिळवायला मग एकूण ताण वाढवत न्यावा लागतो. दोर पुरता सरळ झाला तर उभा वाटा उरतच नाही. म्हणून वजन टांगलेला दोर पूर्ण सरळ करणं कुणाच्याही ताकदीबाहेरचं आहे. गॅलिलिओनं १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय.

तिनं बाटली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मघाचं माझं उत्तर चुकलं. परत करते." टाळ्या मिळालेलं उत्तर परत घेणं अवघड असतं. सतरा वर्षांच्या पोरीनं ते भर गल्लीत केलं, याचं मला गणितापेक्षा जास्त कौतुक आहे.

मग ती पायरीवर बसली. वहीच्या मागच्या पानावर आधी आकृती काढली, प्रत्येक ओढीला बाण दिला. लोंबकळल्यावर दोर मधोमध अर्धा मीटर खाली येईल असं धरलं, तर दोराचं दर ५ मीटरला अर्धा मीटर उतरणं झालं, दहास एक. उभी ओढ ३० किलो, म्हणजे आडवी ३०० किलोच्या वजनाइतकी. ती थेट खांबाच्या शेंड्याला.

पुढे ती अडली. खांबाच्या बुडाशी जमीन किती आणि कुठल्या दिशेनं रेटते, हे कुठे ठाऊक होतं? पण तिच्या हिशोबातली खरी युक्ती इथेच होती. टॉर्क म्हणजे बल गुणिले आसापासूनचं लंब अंतर. आस बुडाशीच धरली की जमिनीच्या रेट्याचं अंतर शून्य होतं आणि तो हिशोबातून गळतो. जे माहीत नाही त्याच्याच पायाशी उभं राहून मोजायचं. राहिले दोघे. दोर ६ मीटरवरून खांबाला गल्लीकडे पाडतोय, तणावा ३ मीटरवरून त्याला मागे धरतोय. अंतर निम्मं, म्हणून तणाव्याची आडवी ओढ दुप्पट, ६०० किलो. शिवाय तो ४५ अंशात तिरका, म्हणजे त्याच्यातला ताण जवळपास ८५० किलो.

आकडा वाचून दाखवल्यावर कुणी बोललं नाही. खांबामागे जमिनीत ठोकलेल्या मेखेकडे सगळे बघत राहिले.

"आणि झोळ दीड मीटर ठेवला तर?" काकांनी विचारलं.

आडवी ओढ १०० वर आली. "तणावा शेंड्याला बांधला आणि मेख ६ मीटर मागे नेली, तर ताण १४० च्या आसपास," ती म्हणाली. पोरगा तोच, दोर तोच, खांबही तोच. ताण एक षष्ठांश.

रात्री पोरांनी शेजारच्या गल्लीतून मोठी शिडी आणली. तणावा शेंड्याला गेला, मेख मागे सरकली, दोर सैल झाला. दुसऱ्या दिवशी वरच्या थरातल्या पोराचा तोल गेला आणि त्यानं दोर धरला. दोर मधोमध खाली आला, खांब हलला नाही, पोराला खालच्यांनी अलगद उतरवून घेतलं.

यंदा तुमच्या गल्लीत दोर चढेल, तेव्हा हंडी किती उंच बांधली हे नंतर बघा. आधी झोळ किती आहे आणि तणावा कुठे बांधलाय, ते बघून घ्या.