चवीतला संयम

हाँगकाँगच्या वस्त्यांमधल्या गोड पदार्थांच्या लहान दुकानांत रात्रीची जेवणं आटोपल्यावर गर्दी होते. तिथे वाटीतून येते ती काळ्या तिळाची, अक्रोडाची, शेंगदाण्याची किंवा जर्दाळूच्या बियांची गरम, दाट पेज. ती चवीने खाणं आणि संयमाने जगणं यांचं वैर आहे का, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. जिभेला शत्रू मानणाऱ्या धर्मपरंपरा अनेक आहेत. सुख मुळात मोकाट असतं, त्याला आवर बाहेरूनच घालावा लागतो, असं त्या धरून चालतात. मला हे गृहीतच पटत नाही, कारण या पेजेत आवर चवीच्या आतच आहे. जर्दाळूच्या बियांचंच बघा. त्यांत एक जात गोड, एक कडू. नुसत्या गोड बिया वाटल्या तर पेज मिळमिळीत होते. तिला खरा सुगंध येतो तो थोड्याशा कडू बियांमुळे. त्याच कडू बियांतल्या अमिग्डलिन या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. जे थोडं असताना सुगंध देतं, तेच जास्त झालं की विष. तीळही असेच: कमी भाजले तर कच्चट लागतात, क्षणभर जास्त भाजले तर पेज कडवट होते. आणि गोडाला तिथे मिळणारी मोठी दाद म्हणजे ‘फार गोड नाही’. प्रमाण सुटलं की इथे पुण्य नव्हे, आधी चवच जाते.

यावर कुणी म्हणेल, हे सुख नव्हेच, औषध आहे. काळे तीळ केसांना, अक्रोड मेंदूला, अशी तिथली जुनी समजूत. चिनी बौद्ध मठांतही जेवताना अन्नाला देहाचं औषध समजावं असं शिकवतात. मठाच्या शिकवणीबद्दल मला आदर आहे, पण दुकानातली वाटी तिने उलगडत नाही. चांगली पेज करायची तर अक्रोड गरम पाण्यात भिजवून त्यांची पातळ साल एकेक करून सोलतात. काम किचकट, बोटं काळी करणारं. अक्रोडातली बरीचशी पॉलिफेनॉल द्रव्यं असतात त्याच सालीत, आणि ती काढली जाते, कारण तुरट लागते. गुण हवा असता तर साल ठेवली असती. इथे कष्ट घेतले जातात ते चवीसाठी, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

पाच चवी तोंड बधिर करतात, असा प्राचीन चिनी विचारवंत लाओत्झूच्या ग्रंथातही इशारा आहे. पण बेचव आहे त्याची चव घ्यावी, असंही तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे त्याला जीभ मारायची नाही, सूक्ष्म करायची आहे. मोझी या दुसऱ्या प्राचीन चिनी विचारवंताचा आक्षेप जास्त जड आहे. लोक उपाशी असताना राजांनी संगीतावर संपत्ती का उधळावी, असं त्याने विचारलं. पुढे शुन्झी या विचारवंताने उत्तर दिलं की आनंद माणसाला टाळता येत नाही, तेव्हा त्याला वळण द्यावं. मी शुन्झीच्या बाजूचा आहे, तरी मोझीची कसोटी सोडत नाही: हे सुख कुणाच्या ताटातून ओरबाडलेलं आहे का? तीळ, तांदूळ, शेंगदाणे, साखर आणि जागा अपुरी म्हणून अनोळखी माणसांनी वाटून घेतलेलं एक टेबल, एवढ्यावर चालणारं हे सुख आहे. मोझीचा राग होता तो रयतेच्या करातून ओतलेल्या राजवाड्यातल्या वाद्यघंटांवर.