बोलायला शिकल्याचा हिशेब

मला बोलता येतं. विनयाने ते नाकारण्यात आता अर्थ नाही. भरल्या सभागृहापुढे कागद न घेता उभा राहू शकतो, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे कळतं. प्रश्न त्यापुढचा आहे. या बोलण्याचं मी केलं काय? निवृत्त होऊन रिसोड तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला आल्यापासून हा प्रश्न टाळता येईनासा झाला आहे.

बोलायला शिकलो पुण्यात, नोकरीत असताना, एका टोस्टमास्टर्स क्लबात. राल्फ स्मेडली या अमेरिकन गृहस्थाने 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, वायएमसीएच्या तळघरात अशा क्लबाची सुरुवात केली. कल्पना साधी होती. चारचौघांनी एकमेकांपुढे बोलायचं, एकमेकांच्या उणिवा सांगायच्या, मास्तर कुणीच नाही. बायकांना मात्र तिथे रीतसर सभासद व्हायला 1973 साल उजाडावं लागलं. पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. तयार भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं. एक जण घड्याळ बघतो, एक जण तुमचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजतो आणि एक जण उठून तुमच्या तोंडावर, पण सगळ्यांदेखत, तुमच्या भाषणाचं मूल्यमापन करतो.

या शिस्तीचं ऋण मानतो. माझ्या पहिल्या भाषणात मोजणाऱ्याच्या कागदावर ‘अं’पेक्षा ‘बाप्पा’च्या रेघा जास्त निघाल्या. वाशीमकडचा माणूस, वाक्य अडलं की ‘बाप्पा’ म्हणणारच. सगळे हसले, मीही हसलो आणि पुढच्या खेपेपर्यंत तो शब्द जिभेवरून घालवला. पुढे क्लबात शिक्षणाचं काम पाहणारा उपाध्यक्ष झालो. कोण कधी बोलणार याची यादी करायची, सभेच्या दोन दिवस आधी ऐनवेळी टांग देणाऱ्यांना फोन करायचे. हिशेबखात्यातला एक अबोल माणूस ‘माझं काही खरं नाही’ म्हणत असायचा. त्याला समोर उभं करायला बरेच महिने गेले. नेतृत्व म्हणून जे काही माझ्या हातून झालं असेल, ते त्या फोनांमध्ये झालं. मंचावर नव्हे.

पण मी तिथे गेलो कशाला होतो? विचारलं तर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं उत्तर द्यायचो. खरी कारणं दोन. बढती हवी होती आणि आपल्या बोलण्यातला वऱ्हाडी हेल साहेबांच्या कानी पडू नये असं वाटत होतं. बढतीची हाव मी माफ करतो, घर चालवायचं होतं. दुसऱ्या कारणाचा हिशेब अजून चुकता झालेला नाही, कारण परवापरवापर्यंत मी शिकवतो त्या पोरांचं ‘मले’ थांबवून ‘मला’ करून घेत होतो.

गावाजवळच्या वाचनालयात मी रविवारी क्लबाच्याच धर्तीवर मुलांचा वर्ग घेतो. आपला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. 2018 मध्ये केंद्राने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेले, ठरवले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्या जोडीला आपलंही नाव आलं. अशा ठिकाणच्या मुलांना मुलाखतीत, महाविद्यालयात, कचेरीत तोंड उघडता यावं, एवढा माझा हेतू. तो वाईट नाही. लाजरी पोरं मोकळी होतात, हे डोळ्यांनी पाहतो.

एका रविवारी दहावीतल्या एका मुलीला ‘माझी शाळा’ हा विषय आयत्या वेळी आला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, की शाळेत मुलींसाठी संडास आहे, बाहेरून छान रंगवलाय, फुलं काढलीत, पण आत नळाला तोटी नाही आणि पाइपाला पाणी नाही. म्हणून मुली दुपारी पाणीच पीत नाहीत. एवढं बोलून ती बसली. हिरवं कार्डही वर व्हायचं होतं. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता तिने विचारलं, “सर, हे मी ग्रामसभेत बोलू का?”

मी म्हणालो, “आधी तयारी कर, मग बघू.”

सल्ला चुकीचा नव्हता. तिचे वडील ज्याची जमीन मक्त्याने करतात, तोच माणूस गावचा कारभार पाहतो. मुलीने तोंड उघडलं, तर पेरणीच्या तोंडावर बापाची जमीन जाऊ शकते. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, हे खरं. पण त्याच्याही आधी दुसरं काही आलं. ती बोलली तर ‘कुणी शिकवलं’ असं विचारतील आणि बोट माझ्याकडे वळेल. तिची काळजी आणि माझी भीती दोन्ही एकाच वाक्यात बसल्या. बाहेर पडताना मी तिच्या काळजीला पुढे केलं.

माणसाला बोलताना दोन भीती असतात. लोक हसतील ही एक आणि आपलं नुकसान होईल ही दुसरी. क्लबात पहिलीवर औषध मिळतं, आणि चांगलं मिळतं. तिथे ऐकायला आलेला प्रत्येक जण ऐकायचं ठरवूनच येतो, फसलेल्या भाषणालाही टाळ्या पडतात. शिकणाऱ्याला असं अंगण हवंच. पण पहिली भीती गेली तेव्हा दोन्ही गेल्या असं मी मानून चाललो. दुसरीला त्या अंगणात कधी कुणी हात लावलाच नव्हता.

ती दुसरी भीती भेटते ग्रामसभेत. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. वीस माणसांत विषय वाचले जातात, नोंदवही सह्यांसाठी फिरते. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, पण सभेत उत्तरं द्यायला पुष्कळदा नवरा किंवा दीर उभा राहतो. मी शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसतो, वही आली की सही करतो. आपण इतकी वर्षं बाहेर होतो, राजकारणात कशाला पडा, अशी कारणं तयार असतात. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र माझं बोलणं सुरुवात, मध्य, शेवट यांसह अगदी नेटकं होतं.

विदर्भात बोलण्याचा वस्तुपाठ शोधायला कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, भाषा ठेठ वऱ्हाडी. कीर्तनात ते लोकांना प्रश्नांमागून प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. पण त्याआधी दिवसा हातात झाडू घेऊन तेच गाव त्यांनी झाडलेलं असे. त्यामुळे रात्री कडू प्रश्न विचारायचा हक्क त्यांना होता. मी मुलांना हातवारे, नजर, विराम शिकवतो. त्या हक्काचा भाग माझ्या अभ्यासक्रमात नाही, कारण तो माझ्यापाशीच नाही.

मग मुलीला धीट करू नये का? करावं, पण आधी एक गोष्ट मान्य करून. दुसऱ्याच्या लेकराला शूर बनवणं स्वस्त पडतं. तिने बोललेल्या एका वाक्याची किंमत तिच्या बापाचं शेत आहे. माझ्या वाक्याची किंमत काय? दोन-चार घरच्या लग्नपत्रिका येणार नाहीत, पारावर माझ्यासाठी कुणी सरकून जागा करणार नाही. पेन्शन कुणी थांबवू शकत नाही. ज्याचं नुकसान कमी, त्याने आधी बोलावं, हा साधा हिशेब आहे. एवढी वर्षं बोलायला शिकलो ते त्यासाठी नसेल, तर आवाज चांगला असलेला एक भित्रा माणूस तेवढा तयार झाला.

तिचा विषय तिच्या नावाने मांडण्याचाही मला अधिकार नाही. तोटीचा आणि पाण्याचा प्रश्न मी माझ्या नावाने, लेखी, ग्रामपंचायतीत देणार आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून पाणी आणि स्वच्छतेवर काय खर्च झाला तेही विचारणार आहे. सभेत अर्ज वाचला गेला नाही तर उभा राहणार. आवाज कापेल, हे मला आजच ठाऊक आहे. त्या दिवशी ‘बाप्पा’ किती वेळा आलं ते कुणी मोजलं तरी चालेल. मुलीला काय सांगायचं ते त्यानंतर ठरवीन. तोवर तिला आणखी तयारी कर म्हणण्याचा अधिकार मला नाही.