माईक चालू होता

"माझा माईक चालू होता ना रे?"

गेल्या वर्षी एका रविवारी उपासना संपल्यावर आजोबांनी मला हा प्रश्न विचारला. मी खाली बसून केबल गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "हो आजोबा, चालू होता."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. आणि मी आजवर जे काही खोटं बोललो असेन, त्यात याचा नंबर बराच वर लागेल. एकच वाक्य दोन्ही कसं असू शकतं, यावर मी तेव्हापासून विचार करतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आठवडाभर मी हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवार पुण्यातल्या एका मराठी चर्चमध्ये साउंड बघतो. याने इंजिनिअरिंग केलंय म्हणजे याला मिक्सर कळत असणार, असं मंडळीनं परस्पर ठरवून टाकलं. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे हे सांगून उपयोग झाला नाही. मग मी यूट्यूबवरून, तापकीर गल्लीतल्या दुकानदारांकडून आणि भर उपासनेत स्पीकर किंचाळवून हे काम शिकलो.

आमचा बँड म्हणजे दोन गिटार, कीबोर्ड, काहोन, तबला, गाणाऱ्या तीन मुली आणि पेटीवर आजोबा. ते माझे सख्खे आजोबा नाहीत, पण चर्चमध्ये त्यांना सगळेच आजोबा म्हणतात. आमच्यातल्या कुणाचाही जन्म झाला नव्हता तेव्हापासून ते तिथे पेटी वाजवतात आणि गातात. 'उपासना संगीत'मधली कित्येक गीतं त्यांना पुस्तक न उघडता येतात.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण सगळी भानगड तिथेच आहे. मिक्सरमधून आवाज दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट लोकांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकर्सना जाते. दुसरी जाते वादक-गायकांच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरना, म्हणजे त्यांचं त्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकर्सना. सवाईला गेला असाल तर मैफल रंगायच्या आधी गायक साउंडवाल्याला हातानं खूण करताना पाहिला असेल: तानपुरा जरा वाढवा. तो बोलतो ते या दुसऱ्या वाटेबद्दल. या दोन्ही वाटा एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतात. स्टेजवर बसलेल्या माणसाला हॉलमध्ये काय ऐकू जातंय, हे कळायला काहीही मार्ग नसतो. ते फक्त मागे मिक्सरवर बसलेल्या माणसाला माहीत असतं.

आजोबांचा सूर उतरायला लागला होता. वरच्या पट्टीत आवाज चिरायचा, कधी अर्धी मात्रा मागे राहायचा. लाइव्ह स्ट्रीम सुरू केल्यापासून ते फारच जाणवायला लागलं. शेवटी एका शनिवारी साउंडचेक संपल्यावर गिटारवाला माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "दादा, आजोबांना जरा खाली घे ना. त्यांना कुठे कळणार आहे?"

मी घेतलं. पहिल्या रविवारी थोडं, दुसऱ्या रविवारी आणखी थोडं. महिन्याभरात हॉलच्या स्पीकरमधून आणि स्ट्रीममधून त्यांचा आवाज पूर्ण गेला. त्यांच्या मॉनिटरमध्ये मात्र मी तो पूर्वीपेक्षा जास्त वाढवून ठेवला. पायाशी स्वतःचा दणदणीत आवाज ऐकत ते डोळे मिटून गात राहिले. चार महिने.

तुमच्यापैकी अनेकांना हे डिझाइन ओळखीचं वाटेल. याला आपण शॅडोबॅन म्हणतो. तुमची पोस्ट तुम्हाला दिसते, प्रोफाइलवर असते, फक्त इतर कुणापर्यंत पोचत नाही. तुम्हाला वाटतं लोकांना आपलं आवडत नसेल. आपल्या बाबतीत तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी आपण चिडून स्टोरी टाकतो. मीही टाकलेली आहे. आणि तेच मी एका म्हाताऱ्या माणसाला, देवाच्या घरात, टॅबवर एक बोट सरकवून केलं होतं.

तेव्हा मी स्वतःला काय सांगत होतो? एक, कुणाचंच नुकसान नाही. आजोबा खूश, बँड खूश, लोक खूश. दोन, खरं सांगितलं तर ते दुखावतील. तीन, मिक्सिंग म्हणजे तरी दुसरं काय? मी रोज कुणाला वर घेतो, कुणाला खाली. काहोनचा घुमारा कापतो, गिटारचा चरचराट काढतो, तेव्हा कुणाची परवानगी घेत नाही.

तिसरा मुद्दा मला बराच काळ अडवून बसला, कारण तो अर्धा खरा आहे. सगळे फेडर एका रेषेत ठेवणं म्हणजे न्याय नव्हे. तसं केलं तर पेटी आणि गिटार मिळून गाणाऱ्या मुलींना गिळून टाकतील. कुणीतरी मागे सरकल्याशिवाय दुसऱ्याला जागा मिळत नाही. मग कमी करणं आणि फसवणं यात फरक काय?

मला उपयोगी पडला तो कांट. 1795 सालच्या 'शाश्वत शांती' या निबंधात त्यानं एक साधी कसोटी दिली आहे. दुसऱ्याच्या हक्कांना हात घालणारी कृती ज्या तत्त्वावर केली, ते तत्त्व उघड करताच ती कृती फसणार असेल, तर ती अन्यायाची आहे. त्याच्या डोळ्यांसमोर राजे आणि तह होते, पण कसोटी माझ्या टॅबलाही लागू पडते. "तुझ्या गिटारमुळे शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून कमी करतोय," हे मी माईकवरून सगळ्यांसमोर सांगू शकतो. सांगितल्यावरही ते काम होतंच. "आजोबा, तुम्हाला कळणार नाही म्हणून तुमचा आवाज बंद करतोय," हे मात्र सांगता येत नाही. सांगितलं की ती युक्ती तिथेच संपते. ती चालतेच मुळी समोरच्याच्या अज्ञानावर.

अमेरिकन तत्त्वज्ञ सिसेला बोक यांनी 1978 च्या खोटेपणावरच्या पुस्तकात सांगितलं की खोटं जोखताना ज्याला फसवलं जातंय त्याच्या जागेवरून बघा. बोलणाऱ्याला आपलं खोटं नेहमी दयाळू वाटतं. फसलेल्या माणसाला तसं क्वचित वाटतं. पहिले दोन मुद्दे, कुणाचं नुकसान नाही आणि ते दुखावतील, हे दोन्ही मी माझ्या खुर्चीवरून पाहिले होते. आजोबांच्या खुर्चीवरून नाही.

आणि नुकसान झालं नाही, हेही खरं नव्हतं. मागच्या बाकांवर बसणाऱ्या आज्या गायच्या थांबल्या होत्या.

हे मला चार महिने दिसलं नाही, कारण मी कानात हेडफोन घालून स्ट्रीम ऐकत होतो. चर्चमधला साउंड कॉन्सर्टसारखा नसतो. तिथे मुख्य गायक समोर बसलेली मंडळी असते. स्पीकर इतके मोठे झाले की माणसाला शेजारच्याचा आणि स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर तो गाणं सोडतो आणि बघायला लागतो. त्या आज्या इतकी वर्षं आजोबांच्या आवाजाचं बोट धरून गात होत्या. मी ते बोट काढून घेतलं.

इथे इतिहासाची थोडी बोच आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेत एक काळ बरीच गीतं इंग्रजीतून भाषांतरित केलेली आणि पाश्चात्त्य चालींवर बसवलेली असत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये त्यांचं निधन झालं. मधल्या काळात त्यांनी अभंग, ओवी, भजन हे इथल्या मातीचे प्रकार उपासनेत मोठ्या प्रमाणावर आणले. आपल्या लोकांनी आपल्या सुरात गावं, यासाठी खर्ची पडलेलं ते आयुष्य. आजोबा त्या परंपरेतले. आणि सव्वाशे वर्षांनी मी, टिळकांचीच गीतं गिटारवर छान वाजतात म्हणून, त्यांची पेटी आणि आवाज गाळत होतो. हे कुठल्या ठरावानं झालं नाही, त्यावर सभा किंवा वाद झाला नाही. ते एका फेडरनं झालं.

तर, तो प्रश्न. आजोबांचा नातू बाहेरगावी असतो. त्यानं स्ट्रीम पाहून फोन केला होता: आजोबा, तुमचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. म्हणून त्यांनी मला विचारलं, माईक चालू होता ना. मी हो म्हणालो. चॅनेल चालूच होता, मॉनिटरला जात होता, हिरवा दिवा लागलेला होता. लॉग तपासले असते तर मी निर्दोष सुटलो असतो.

आजोबा म्हणाले, "मग त्याच्या मोबाईलचाच प्रॉब्लेम असेल." आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

त्यांनी संशय घेतला असता तर मी कदाचित निभावून नेलं असतं. विश्वास ठेवला, तो पचला नाही. पुढच्या शनिवारी मी तासभर आधी गेलो. ते नेहमीच लवकर येतात. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, किती महिने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर मी स्वतः, आणि रविवारी काय उत्तर दिलं तेही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "पट्टी चढवलीत तुम्ही. मी काळी एकचा माणूस. तुम्ही सगळं पांढरी तीनमध्ये नेलंत. तेव्हाच सांगितलं असतंस की सूर लागत नाहीये, तर मी म्हटलं असतं, पट्टी उतरवा."

आम्ही खरंच चढवली होती. गिटारला ई मेजर सोपा पडतो आणि मुलींनाही तिथे बरं वाटतं, म्हणून. आजोबांचा सूर वयानं थोडा उतरला असेल, पण उरलेलं आमचं काम होतं. आज्यांनाही ती पट्टी झेपत नव्हती. उपाय काय होता? गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे कॉर्ड वाजवणं आणि कीबोर्डवर ट्रान्सपोजचं एक बटण. अर्ध्या मिनिटाचं काम.

माझ्या धंद्यात याला नाव आहे. प्रोग्राममध्ये एरर आली की ती पकडायची आणि तिचं काहीच न करता पुढे जायचं. स्क्रीन स्वच्छ दिसतो, बॉस खूश असतो, आणि बग आत तसाच वाढत राहतो. कुणी ज्युनियरनं असा कोड लिहिला तर मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो. आजोबांचा बेसूर ही एक एरर होती आणि ती बरोबर जागेकडे बोट दाखवत होती. मी तो मेसेजच म्यूट केला.

तेव्हापासून आमचा साउंडचेक बदलला आहे. आधी नुसती लाइन तपासतो: प्रत्येक माईक, प्रत्येक केबल, एकेक करून. मग प्रत्येकानं उपासनेत गाईल तितक्याच जोरात गायचं, कारण लाजत गायलेल्या आवाजावर गेन लावला की रविवारी फुटतो. मॉनिटर शून्यापासून सुरू करतो. "मला वाढव" असं कुणी म्हटलं की आधी विचारतो, काय कमी केलं तर तुझं तुला ऐकू येईल? पंखे लावूनच ऐकतो आणि टॅब घेऊन शेवटच्या बाकापर्यंत चालत जातो. रिकामा हॉल फसवतो हेही लक्षात ठेवतो. माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषतात. वॉलेस सेबिननं 1895 च्या सुमारास हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या हॉलमध्ये गाद्या आत-बाहेर करून हेच मोजलं होतं. मोकळ्या हॉलमध्ये शब्द तिथे साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळायचा.

आणि शेवटी एक गोष्ट, जी माझ्या मते साउंडचेकचा गाभा आहे. डिजिटल मिक्सरवर प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड होतो. एक अख्खं गीत रेकॉर्ड करायचं, वाद्यं खाली ठेवायची आणि सगळ्यांनी हॉलमध्ये बाकांवर येऊन बसायचं. मग तेच रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवरून लावायचं. जे लोकांना ऐकू येणार तेच प्रत्येकानं ऐकायचं, आणि जे बोलायचं ते तिथेच बोलायचं. याला व्हर्च्युअल साउंडचेक म्हणतात. पहाटे मिक्सरवर एकट्याला काम करता यावं म्हणूनही लोक तो वापरतात. आम्ही तो उलट वापरतो, मला एकट्याला काही करता येऊ नये म्हणून. शनिवारी खरं बोलायला काही पडत नाही. रविवारी, लोक बसल्यावर, ते फार महाग असतं, आणि तेव्हाच हात गुपचूप फेडरकडे जातो.

यानं सगळं गोड झालं असं नाही. काही गीतं काळी एकमध्ये मुलींना खालची पडतात, ती आम्ही वरच घेतो. तेव्हा आजोबा पेटीवरून उठून मागे आज्यांमध्ये जाऊन बसतात. हे त्यांनीच ठरवलं. त्यांना वाईट वाटत असेल का? वाटत असणार. एखाद्या दिवशी कुठलीच पट्टी पुरणार नाही, आणि तेव्हा त्यांना ते तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात असेल का, मला माहीत नाही. आणि ते आता माझ्याशी पूर्वीइतकं मोकळं बोलत नाहीत. सलाम करतात, हसतात, पण खांद्यावर हात पडत नाही. चार महिन्यांचं खोटं एका शनिवारच्या खऱ्यानं फिटत नाही.

परवा रेकॉर्डिंग ऐकायला सगळे बाकांवर बसलो होतो. दोन कडवी झाली आणि आजोबांनी हात वर केला.

"पेटी जास्त होतेय," ते म्हणाले. "शब्द बुडतात. कमी कर."

मी टॅब त्यांच्या हातात दिला. फेडर कुठला ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एका बोटानं, हळूहळू, स्वतःच तो खाली आणला.