शिरेतल्या औषधाची गती

शिरेतून दिलेले औषध काही क्षणांत हृदयापर्यंत पोहोचते आणि एकदा आत गेले की ते परत काढून घेता येत नाही, म्हणूनच कोणते औषध, किती आणि कोणाला, याइतकाच ते किती वेळात द्यायचे हा प्रश्न परिचारिकेच्या कामात मोलाचा ठरतो. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक, म्हणजे जिवाणूंचा नाश करणारे औषध, घाईने सोडले तर शरीरात हिस्टामाइन हे द्रव्य मोकळे होऊन चेहरा व मान लाल होते, खाज सुटते, प्रसंगी रक्तदाबही कोसळतो. त्यामुळे त्याची एक ग्रॅमची मात्रा सलाइनमध्ये पातळ करून किमान 60 मिनिटांत द्यावी लागते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण तर पातळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. मिलिलिटरला 20 थेंब सोडणाऱ्या नळीतून 100 मिलिलिटर द्रव तासाभरात द्यायचा, तर मिनिटाला सुमारे 33 थेंब पडावे लागतात, आणि ते घड्याळ लावून मोजायला वेळ लागतोच, मग वॉर्डात कितीही रुग्ण खोळंबलेले असोत. हा वेळ एकट्या परिचारिकेच्या चिकाटीवर सोडणे अन्यायाचे आहे. औषध भरताना तिला कोणी हाक मारू नये आणि जोखमीची मात्रा दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे पडताळावी, एवढे मनुष्यबळ प्रत्येक पाळीला नेमणे ही रुग्णालय चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे.