मदत कधी येते?

इ.स. ४०५च्या सुमारास रोममध्ये एक बिशप ऑगस्टिनच्या आत्मकथनातली एक प्रार्थना कौतुकाने सांगत होता. आज्ञा देणाऱ्या देवाकडेच ती पाळण्याचं बळ मागणारी ती प्रार्थना. ऐकणाऱ्यांत पेलागियस नावाचा धर्मशिक्षक होता. त्याला ती इतकी खटकली की तो जवळजवळ भांडायलाच उठला.

पेलागियसला अहंकारी म्हणून निकालात काढणं अन्यायाचं होईल. रोममध्ये ख्रिस्ती असणं तोवर प्रतिष्ठेचं झालं होतं आणि माणूस दुबळाच असतो ही सबब अनेकांच्या सोयीची होती. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची कुवतही दिलीच असणार, असं तो म्हणे. तर्क म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. पण मोहाशी झुंजणाऱ्या माणसाला त्या घटकेला कुवतीचा पत्ताच लागत नाही, आणि ख्रिस्ती विचाराचा सगळा प्रवास त्या घटकेभोवती झाला आहे. देवाची मदत नेमकी कधी येते?

इजिप्तच्या वाळवंटातल्या साधू अँथनीचं उत्तर पेलागियसला पटलं असतं. अँथनी ३५६मध्ये वारला. पुढे अथनेशियसने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात एका थडग्यात राहून तो रात्रभर सैतानांचा मार खातो. मग छत उघडल्यासारखं होऊन प्रकाश आत येतो. तू आधीच का आला नाहीस, असं अँथनी देवाला विचारतो. मी इथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो, अशा आशयाचं उत्तर त्याला मिळतं. म्हणजे आधी झुंज, मग मदत. या प्रसंगातला धीर मला आवडतो, पण जो त्या रात्रीच कोसळला असता त्याचं काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

ऑगस्टिनला त्या कोसळणाऱ्याची ओळख होती, कारण तो स्वतः तसाच होता. ३८६मध्ये मिलानच्या बागेत त्याचं आयुष्य पालटलं. तिथेच कथा संपवली असती तर ती विजयगाथा झाली असती. पण त्यानंतर दहाएक वर्षांनी, बिशप झाल्यावर, त्याने आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात आपले चालू मोह लिहून काढले. इतर वासना एकदाच तोडता येतात, पण जेवण रोजचंच. भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. लोकांनी केलेली स्तुती गोड लागते. घरात बसलेला असताना पाल माश्या पकडते आणि याचं लक्ष प्रार्थनेवरून तिच्याकडे जातं. मोठं पाप नाही, पण मन आपल्या ताब्यात नाही याचा तो धडधडीत पुरावा. म्हणून तो मदतीची वेळ मागे नेतो: झुंजायची इच्छा होणं हीच मदत. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मतं नाकारली.

पण त्याची शंका जिवंत राहिली. काही वर्षांनी हड्रुमेटमच्या, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या सूसच्या, मठवासीयांमध्ये वाद पेटला. सगळं देवच देतो, तर मठाधिपतींनी आम्हाला रागवावं कशाला? नुसती प्रार्थना करावी. ऑगस्टिनने त्यावर एक पुस्तकच लिहिलं: कानउघाडणीतूनही कृपाच काम करते. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. देवाचं बळ माणसांना बाजूला सारून येत नाही, हे त्यात पहिल्यांदा ठसठशीतपणे येतं.

त्याच काळात मार्सेयमध्ये जॉन कॅसियन वाळवंटातल्या साधूंची शिकवण लिहून काढत होता. वादात त्याने मधली वाट धरली, ती मला पुरती पटत नाही. व्यवहारात मात्र तो सगळ्यांच्या पुढे गेला. स्तोत्रसंहितेच्या सत्तराव्या स्तोत्रातली, देवाला त्वरेने मदतीला बोलावणारी ओळ त्याने निवडली आणि ती कधी म्हणायची ते सांगितलं: खादाडपणा उसळला की, झोप येत नसली की, राग चढला की, आणि मन शांत असेल तेव्हाही, ती शांती टिकावी म्हणून. हार होण्याची किंवा जीव मेटाकुटीला येण्याची वाट पाहायची नाही. पुढे बेनेडिक्टच्या नियमावलीतून ही हाक मठांच्या दैनंदिन उपासनेत आली आणि आजही तिथे आहे.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात तासन्‌तास पापकबुली देऊनही अपराधभावातून सुटला नव्हता. पुढे १५३०मध्ये खचलेल्या एका तरुणाला त्याने पत्र लिहिलं: सैतानाशी एकट्याने वाद घालत बसू नकोस, माणसांत जा, हस, खा-पी. हा सल्ला वरवर हलका वाटतो. पण ख्रिस्ताने लढाई आधीच जिंकली आहे, या विश्वासाशिवाय तो देता येत नाही.

चार शतकांनी, नाझी राजवटीत, फिंकेनवाल्डे इथल्या पाळक-प्रशिक्षण केंद्रात डीट्रिख बॉनहोफरने विद्यार्थ्यांना एकमेकांपाशी पापकबुली द्यायला सुचवलं. ल्यूथरपंथीयांत ही रीत जवळजवळ विस्मरणात गेली होती, विद्यार्थी अवघडले. तेव्हा संचालक असलेल्या बॉनहोफरनेच आपल्या एका विद्यार्थ्याला विनंती केली: माझी कबुली तू ऐक.